गराजमध्ये येणारं पाणी



नोव्हायमध्ये पाऊस तो असा कितीसा पडणार, असं मुंबई-कोकणातून आलेल्या माणसाला वाटतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. इथे ११ ऑगस्ट २०१४ ला डेट्रॉइट विमानतळावर साडेचार इंच, म्हणजे जेमतेम ११६ मिलिमीटर पडला आणि तेवढ्यात आय-७५ आणि आय-६९६ पाण्याखाली! हसू येतं खरं. पण आपल्याकडच्या घराला जोतं असतं, उंबरठा असतो. गराजला दोन्ही असून चालत नाही, कारण गाडी आत जायला हवी. शिवाय नियमानुसार फरशीचा उतार दाराकडे ठेवतात, आतलं पाणी बाहेर जावं म्हणून. म्हणजे सगळ्यात खोल जागा नेमकी दारापाशीच. बाहेरचा काँक्रीट जरा खचला की पाणी उलट आत.

आमच्याकडे दोन पावसाळे (इथे त्याला समर म्हणायचं) हेच चाललं होतं. एका कंत्राटदाराने येऊन पाच मिनिटांत निकाल दिला: अख्खा ड्राइव्हवे उखडा. आकडा सांगत नाही, पण तेवढ्यात चौघांची भारतवारी झाली असती. तेव्हा सासरे इथे आले होते. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेलं. ते म्हणाले, "जावईबापू, आधी पाणी येतं कुठून ते बघा, मग ते अडवा." आणि भर पावसात छत्री घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले!

पाऊस नसेल तर बागेचा होज चालतो. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेर एकेका जागी दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडायचं. आधी दाराची फट, मग कोपरे, मग बाजूची भिंत. सगळीकडे एकदम सोडलंत तर काहीच कळत नाही. आत ओल दिसेल तिथे खडूने खूण. आपण डिबगिंग करतो तसंच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आमच्याकडे मुख्य चोर निघाला पन्हळीचा उभा पाइप. गराजच्या कोपऱ्यावर थेट ड्राइव्हवेवर रिकामा होत होता. हिशोब करून बघा: ५०० चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे ३१० गॅलन. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी एकाच कोपऱ्यात ओतल्यासारखं. त्याला दहा फुटांचा जोडपाइप लावून पाणी हिरवळीवर नेलं (शेजाऱ्याच्या अंगणात नव्हे!) आणि निम्म्याहून जास्त त्रास तिथेच संपला.

उरलेलं पाणी गराजची फरशी आणि ड्राइव्हवे यांच्या सांध्यातून येत होतं. गराजचा पाया गोठणरेषेच्या खाली, ४२ इंच खोल असतो, ड्राइव्हवे नुसता जमिनीवर. थंडीत तो फुगतो, उन्हाळ्यात बसतो, पायाजवळची भराव माती दबते आणि सांधा उघडतो. तो खरवडून साफ करायचा, पूर्ण वाळू द्यायचा, आत फोमची दोरी दाबायची आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट. सिमेंट भरू नका, पहिल्याच हिवाळ्यात तडकतं. दाराखालचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला, पट्टी सरकवून घालायची असते, अर्ध्या तासाचं काम.

फरशीवर चिकटवायचा रबरी उंबरठा मिळतो, त्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. तो पाणी अडवतो खरा, पण दोन्ही बाजूंनी! जानेवारीत गाडीखाली वितळलेलं बर्फ आणि मीठ मग आतच साठतं. लावायचाच तर कमी उंचीचा लावा.

बाजूच्या भिंतीतून पाणी येत असेल तर मल्च बघा. दर वसंतात आपण हौसेने नवा थर टाकतो आणि काही वर्षांत बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर येते. जमीन भिंतीपासून दहा फुटांत सहा इंच उतरती हवी. आतून रंग लावून हे पाणी थांबत नाही, दाब बाहेरून असतो.

ड्राइव्हवेचा स्लॅब खचला असेल तर भोकं पाडून, खाली फोम भरून तो उचलता येतो, उखडावा लागतोच असं नाही. अख्खा उतारच घराकडे असेल तर मात्र दारासमोर आडवं जाळीचं गटार हवं, आणि त्याचं पाणी पुढे कुठे जाणार हे खणण्याआधी ठरवा. सांडपाण्याच्या लाइनला जोडायचं नाही. खणण्याआधी ८११ ला फोन करा, फुकट असतो, तीन कामाचे दिवस आधी.

"इन्शुरन्स आहे ना" म्हणणाऱ्यांसाठी: जमिनीवरून आत आलेलं पाणी साध्या घरविम्यात बसत नाही. आणि घर विकताना मिशिगनच्या डिस्क्लोजर फॉर्ममध्ये पूर, निचरा, उतार यांच्या अडचणी लिहून द्याव्या लागतात.

आमचं दार आता कोरडं आहे. उत्तरेच्या भिंतीपाशी हातभर ओल अजून दिसते, तिथला मल्च या शनिवारी काढणार. सीलंटचं काम ज्यांचं बाकी असेल त्यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत उरका, गारठ्यात ते नीट धरत नाही.