रुग्णशय्येवरील मतदार आणि आपण

निवडणुकीचे दिवस आले की आमच्या दवाखान्याच्या ओसरीवरील बोलण्याचा सूर पालटतो. एरवी आम्लपित्त, गुडघेदुखी आणि धानाचा भाव यांपलीकडे न जाणारी मंडळी उमेदवारांची कुंडली मांडू लागतात. नाडीसाठी हात पुढे करता करता एखादा रुग्ण हळूच विचारतो, "डॉक्टरसाहेब, यंदा कोणाला द्यायचं?" या प्रश्नाचे उत्तर न देण्याचा नियम आम्ही व्यवसायाच्या प्रारंभापासून पाळत आलो आहोत. आपल्या हातून औषध घेणाऱ्याच्या मनावर आपल्या शब्दाचे वजन असते. ते वजन त्याने रोगनिवारणासाठी दिलेले असते, मतासाठी नव्हे. मात्र या मौनाबरोबरच आपले निवडणुकीतील कर्तव्यही संपते, अशी जी समजूत आम्ही करून घेतली होती ती चुकीची होती. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ती आम्हांस कळली, आणि आमच्याच एका हलगर्जीपणातून कळली.

वैनगंगेकाठच्या एका गावी आमच्या एक वृद्ध रुग्ण आहेत. वय अठ्ठ्याऐंशीच्या घरात, खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणास खिळलेल्या. दर पंधरवड्याला आम्ही गृहभेटीस जातो. भंडारा-गोंदिया मतदारसंघाचे मतदान १९ एप्रिल २०२४ रोजी होते. त्याच्या आठवडाभर आधी गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, "आजवर एकही मत चुकवलं नाही जी. औंदा मले कोन नेईन?" घरबसल्या मतदानाची सोय त्यांच्याच वयाच्या मतदारांसाठी होती. परंतु तिची मुदत केव्हाच टळली होती. अर्जाचा कोरा कागद घरातच होता, भिंतीवरच्या दिनदर्शिकेमागे खोचलेला. मुलगा शेतावर असताना तो कोणी तरी देऊन गेले होते आणि सुनेला तो कशाचा हे उमगले नव्हते. या सोयीची बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली होती. मार्चमध्ये दोनदा त्या घरी गेलो होतो. दोन्ही वेळा मलशुद्धी, भूक, झोप, शय्याव्रण यांची चौकशी केली. अर्जाची केली नाही. आजींचे मत त्या वर्षी गेले ते गेलेच.

वैद्यबंधूंना आणि औषधालय चालविणाऱ्या मित्रांना ही तरतूद नीट ठाऊक असावी म्हणून ती येथे विस्ताराने सांगतो. लोकसभा व विधानसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदार आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेले मतदार यांना घरून टपाली मत देता येते. पूर्वी वयाची अट ८० होती. मार्च २०२४ मध्ये ती ८५ करण्यात आली. त्यासाठी 'नमुना १२ ड' हा अर्ज भरावा लागतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी तो घरी आणून देतात. अर्ज मंजूर झाला की ठरलेल्या दिवशी मतदान अधिकाऱ्यांचे पथक घरी येते, सोबत पोलीस आणि चित्रीकरण करणारा असतो. मत मात्र गुप्तच राहते. ज्याचा अर्ज मंजूर झाला त्याला नंतर केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हेही घरच्यांना आधीच सांगावे.

खरी मेख मुदतीत आहे. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत हा अर्ज पोचावा लागतो. मतदान महिनाभर दूर असते, प्रचाराचे भोंगेही गावात आलेले नसतात, आणि दार बंद झालेले असते. २०२४ च्या लोकसभेची आपल्याकडील अधिसूचना २० मार्चला निघाली. पाच दिवस मोजले तर मुदत धुळवडीपाशी संपली. त्याच वर्षीच्या विधानसभेची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, म्हणजे हलक्या धानाची कापणी आणि दिवाळीची तयारी यांच्या ऐन धांदलीत. या दोन्ही वेळी गावातल्या कर्त्या माणसाला कागद वाचण्यास उसंत असते असे कोण म्हणेल?

दुसरी अडचण आपल्या चिकित्साक्षेत्राच्या अधिकच जवळची आहे. पक्षाघाताचे कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षे आपल्याकडे बस्ती, अभ्यंग, नस्य यांसाठी येतात. पैकी अनेकांचे वय साठ-पासष्टच असते, म्हणजे वयाची सवलत नाही. आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र त्यांनी काढलेलेच नसते. ते प्रमाणपत्र आपण देऊ शकत नाही, शासनाने नेमलेले वैद्यकीय प्राधिकारीच देतात. परंतु 'जिल्हा सामान्य रुग्णालयात जाऊन तपासणी करून घ्या आणि मतदार यादीत नमुना ८ भरून तशी नोंद करा' एवढे सांगणे तर आपल्या हातात आहे. या प्रमाणपत्राचे इतर लाभ आहेतच. हे काम निवडणूक जाहीर झाल्यावर हाती घेतले तर साधत नाही. ते आजच्यासारख्या निवांत दिवसांत करावयाचे असते. कोणत्या घरात कोण अंथरुणावर आहे, हे गावात वैद्याइतके नेमके क्वचितच कोणाला ठाऊक असते. आणि वैद्याला ठाऊक नसले तर औषधी दुकानदाराला असते, कारण महानारायण तेलाची मोठी बाटली दरमहा कोण नेतो ते त्याला पाठ असते.

हे वैद्याचे काम नव्हे, असा आक्षेप काही ज्येष्ठ घेतील. त्यांना आम्ही चरकसंहितेतील विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायाची, जनपदोद्ध्वंसनीयाची, आठवण देऊ. कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी आत्रेय अग्निवेशाला जनपदे ओस कशी पडतात ते सांगतात. वायू, जल, देश, काल हे चारही बिघडण्याचे मूळ ते अधर्मात शोधतात. देशाचे, नगराचे, जनपदाचे प्रमुख धर्म सोडून वागू लागले म्हणजे त्यांच्या आश्रयाने राहणारे, नगरजन आणि व्यवहारावर उपजीविका करणारे तो अधर्म वाढवीत नेतात, असे तेथे म्हटले आहे. पदवीच्या वर्षांत आपण हा अध्याय साथीच्या रोगांपुरता वाचला आणि परीक्षेत तेवढाच लिहिला. पण आत्रेयांनी केवळ प्रमुखांना दोषी धरून विषय संपविलेला नाही. व्यवहारावर उपजीविका करणाऱ्यांतही गणना होते ती तुमची-आमचीच. त्या काळी प्रजेला प्रमुख निवडता येत नव्हता, आज येतो. तेव्हा आपला वाटा त्या काळापेक्षा मोठाच म्हणावा लागेल.

हा वाटा आपण कसा उचलतो? एक नाजूक गोष्ट बोलणे भाग आहे. निवडणुकीच्या आगेमागे 'मोफत आरोग्य शिबिरां'ना बहर येतो. मंडपावर इच्छुक उमेदवाराचे छायाचित्र, खाली आपले नाव आणि पदवी, टेबलावर फुकट वाटावयाची चूर्णे. आम्ही स्वतः अशा एका शिबिरात बसलो आहोत, हे लपवीत नाही. दोनशेवर रुग्ण तपासले, एकाचाही पाठपुरावा झाला नाही. पुढे तो मंडप पाच वर्षे कोणाला दिसला नाही. रुग्णांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही असे म्हणणार नाही. काहींचा रक्तदाब त्या दिवशी प्रथमच मोजला गेला. तरीही आपली पदवी त्या फलकावर कशासाठी होती, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस सापडलेले नाही. शिबिरे घ्यावीत, पण ती संघटनेच्या नावाने आणि निवडणूक दूर असताना. औषधालय चालविणाऱ्यांपुढे हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो: औषधाच्या पिशवीत उमेदवाराचे पत्रक घालण्याची गळ. ओळखीच्या माणसाला नकार देणे अवघड जाते हे खरे. परंतु रुग्णाने पिशवी उघडावी ती औषधासाठी.

मताच्या किमतीविषयी आपल्या जिल्ह्याला बाहेरच्याने शिकवावे अशी स्थिती नाही. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मतदारसंघ द्विसदस्यीय होता. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. अनुयायांनी एकच मत बाबासाहेबांना देऊन दुसरे वाया घालवावे, म्हणजे विजय सोपा होईल, अशी सूचना तेव्हा पुढे आली आणि त्यांनी ती मानली नाही, ही आठवण आजही सांगितली जाते. त्या निवडणुकीत ते पराभूत झाले. आणि अलीकडचे पाहा. २८ मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत मतदान यंत्रांत बिघाड झाल्याने ४९ केंद्रांवर ३० मेला पुन्हा मतदान घ्यावे लागले. विदर्भातल्या मे महिन्यात दोन दिवसांत दुसऱ्यांदा रांगेत उभे राहणे म्हणजे काय, हे उष्माघाताचे रुग्ण पाहणाऱ्यांना सांगावयास नको.

एक खुलासा येथे आवश्यक आहे. नमुना १२ ड ची सोय लोकसभा-विधानसभेपुरती आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगर परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तेथील नियम निराळे आहेत. आपल्या जिल्हा परिषदेची मागील निवडणूक लांबून २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ अशा दोन दिवशी झाली. २०२७ मध्ये तिची मुदत पुरी होते. आयुर्वेदिक दवाखान्यांतील औषधसाठ्याची तक्रार आपण ज्या सभागृहाकडे करतो ते हेच. म्हणून या निवडणुकीत अंथरुणावरच्या रुग्णासाठी निदान वाहनाची आणि चाकांच्या खुर्चीची विचारणा आधी करून ठेवावी.

आणि आपल्या घरातल्या निवडणुकांचे काय? महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसीनवर नोंदणीकृत वैद्यांनी आपले प्रतिनिधी निवडून द्यावयाचे असतात. राज्य औषधशास्त्र परिषदेवर सहा सदस्य नोंदणीकृत औषधनिर्मात्यांनी निवडावयाचे असतात. आपल्यापैकी कितीजणांचा नोंदणीतला पत्ता आजचा आहे? आमचा स्वतःचा पत्ता दवाखाना बदलल्यावरही काही वर्षे जुनाच होता.

त्या चुकलेल्या मतानंतर आम्ही दवाखान्यात एक साधी वही ठेवली आहे. गृहभेटीच्या रुग्णाचे वय, दिव्यांगत्व प्रमाणपत्र आहे की नाही, मतदार यादीत नाव तपासले की नाही, एवढेच तीन रकाने. पक्षाचा रकाना नाही आणि तो कधी असणार नाही. नाव तपासण्यास १९५० हा मदत क्रमांक पुरतो. विधानसभेची अधिसूचना निघताच आम्ही वहीतल्या घरी गेलो आणि आजींच्या सुनेला अर्ज भरावयास लावला. नोव्हेंबरात पथक आले तेव्हा आजींनी नवे लुगडे नेसून घेतले होते, असे तिने पुढच्या भेटीत सांगितले. सभासदांनी आपापल्या तालुक्यात अशी वही सुरू करावी. संघटनेच्या येत्या बैठकीला आम्ही आमची घेऊन येऊ.