ओळख करून देणाऱ्याची जबाबदारी

माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका गेली सहा-सात वर्षे घरातूनच एक छोटा ब्युरो चालवितात. तान्ही मुले सांभाळणाऱ्या मावशी मिळवून देणे हे त्याचे काम. एक वही, एक मोबाइल आणि चाळीस मावशींची नावे, एवढेच भांडवल. ज्या घराला मावशी हव्या असतील त्यांच्याकडून एकदाच नोंदणी-शुल्क घ्यायचे. पगार मात्र त्या घराने मावशींना परस्पर द्यायचा. मागच्या वर्षी यांपैकी एक मावशी आठ महिन्यांच्या बाळाला पलंगावर झोपवून, दार ओढून खाली गेल्या आणि अर्धा तास फोनवर बोलत राहिल्या. बाळ पडले, हाताचे हाड मोडले. सुदैवाने ते नीट जुळले. पण आईवडिलांच्या वकिलाची पाच लाखांच्या भरपाईची नोटीस मावशींना न जाता शिक्षिकाबाईंना आली.

ती घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "साहेब, मी फक्त ओळख करून दिली. पगार मी देत नाही, कामावर मी ठेवलेले नाही. मग माझा संबंध कुठे येतो?" त्यांच्या छापील अर्जाच्या तळाशी एक ओळही होती की मावशींच्या वर्तनास ब्युरो जबाबदार राहणार नाही.

ही ओळ देशभरातल्या अशा हजारो ब्युरोंच्या कागदांवर आढळेल. ती म्हणजे चिलखत आहे असा समज आहे आणि तो निम्मा चुकीचा आहे. बाळ सांभाळणे ही मावशींची सेवा, हे खरे. परंतु विश्वासू मावशी निवडून देणे ही ब्युरोची सेवा, आणि शुल्क त्याचसाठी घेतलेले असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मोबदला देऊन घेतलेल्या सेवेत उणीव राहिली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. बाळ का पडले, याचे उत्तर मावशींनी द्यावयाचे. पण याच बाईंना त्या घरी का पाठविले, याचे उत्तर ब्युरोलाच द्यावे लागणार.

आपल्या जुन्या कायद्यात याविषयी एक शहाणपणाचे कलम आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे १९५ वे कलम सांगते की, आपल्या मालकासाठी दुसरा मनुष्य निवडताना सामान्य विवेकाचा माणूस स्वतःच्या कामात जेवढी पारख करील तेवढी मध्यस्थाने करावी. तेवढी केली असेल, तर निवडलेल्या माणसाच्या हलगर्जीपणाबद्दल मध्यस्थ मालकाला जबाबदार नाही. कायद्यातले उदाहरण जहाज खरेदीचे आहे. मध्यस्थाने नावाजलेल्या तपासनिसाला जहाज निवडायला सांगितले, त्याने हयगय केली, जहाज बुडाले. दोष तपासनिसाचा, मध्यस्थाचा नव्हे. प्रत्येक ब्युरोला हे कलम शब्दशः लागू होईल असे मी म्हणत नाही. पण न्यायाची दिशा त्यात स्पष्ट आहे. प्रश्न निवड करतानाच्या काळजीचा आहे, आणि ती घेतली हे कागदावर दाखविता आले पाहिजे.

मी बाईंना विचारले, आधीच्या घरी फोन केला होता का? नव्हता. मग त्यांनी आपले पत्रक दाखविले. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते: 'पोलीस पडताळणी झालेल्या अनुभवी मावशी'. पडताळणी म्हणजे काय केलेत, असे विचारता उत्तर आले, आधार कार्डाची झेरॉक्स घेतली. आधारवरून माणूस कोण हे कळते, कसा हे कळत नाही. माझ्या मते बाईंची खरी अडचण त्या पडण्यात नव्हती, या पत्रकात होती. जे केले नाही ते केले म्हणून सांगणे हे करार कायद्याच्या भाषेत असत्य कथन ठरते, आणि अर्जाच्या तळाची कोणतीही ओळ ते पुसू शकत नाही.

येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. ब्युरोने पगार आपल्या हातून दिला, कामाचे तास ठरविले, चुकल्यास काढून टाकण्याचा अधिकार ठेवला, तर न्यायालय त्यालाच मालक समजू शकते आणि मावशींच्या चुकीचा भार त्याच्यावर येतो. म्हणून वकील सल्ला देतात की हात जितका कमी घालाल तितके सुरक्षित. म्हणजे जो ब्युरो मावशींना प्रशिक्षण देईल, अधूनमधून घरी जाऊन पाहील, त्याचा धोका वाढणार. आणि नंबर देऊन हात झटकणारा मोकळा. हे बाळांच्या हिताचे आहे काय?

फौजदारी बाजूला तर हात झटकण्याची सोयच नाही. १४ वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. बाळावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'आमचे काम नोंदणीपुरते' हे उत्तर तेथे चालत नाही.

आता शासनाकडे पाहू. दुकानाच्या दारात उभ्या राहणाऱ्या सुरक्षारक्षकासाठी २००५ चा कायदा आहे. एजन्सीला परवाना लागतो, रक्षकाचे पूर्वचारित्र्य तपासावे लागते, आणि २००६ च्या केंद्रीय नमुना नियमांत त्याला १०० तास वर्गातले व ६० तास प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण सांगितले होते. परदेशी कामगार पाठविणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने नोंदणी व तारण बंधनकारक केले. सातव्या मजल्यावर तान्ह्या बाळासोबत दहा तास एकट्या राहणाऱ्या बाईला पाठविणाऱ्यासाठी मात्र बहुतेक राज्यांत काहीच नाही. छत्तीसगडने २०१३ मध्ये खाजगी नियुक्ती संस्थांचा कायदा केला, तो तेथून मोठ्या शहरांत नेल्या जाणाऱ्या मुलींच्या फसवणुकीच्या अनुभवातून. दिल्लीत उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर २०१४ मध्ये आदेश निघाला. तो प्रशासकीय आदेश आहे, विधानसभेचा कायदा नव्हे. महाराष्ट्राचा २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा कामगारांच्या कल्याणाचा विचार करतो, ब्युरोच्या कर्तव्याचा नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट असावी का, हे तपासायला केंद्राला आंतरमंत्रालयीन समिती नेमण्यास सांगितले. त्या चौकटीत ब्युरोला स्वतंत्र जागा हवी.

परवानाराज नको, हे मलाही मान्य आहे. परवाना म्हटला की खेटे आले, आणि खेटे आले की शिक्षिकाबाईंसारखे लोक आधी बाहेर पडतात. ज्यांना टाळायचे ते टिकून राहतात. साधी नोंद पुरे. नियमाने एवढेच सांगावे: ओळख व वय तपासा, आधीच्या दोन घरांशी बोला व तारीख लिहून ठेवा, पोलीस पडताळणीचा अर्ज करून पोच जपा, शुल्क फक्त घराकडून घ्या. आणि त्याच नियमाने हेही सांगावे की एवढे केलेल्या ब्युरोने योग्य काळजी घेतली असे गृहीत धरले जाईल. कर्तव्य ठरवून दिले की त्याची सीमाही ठरते. पडताळणीचा दाखला मावशींच्या हाती असावा, म्हणजे दर घरी नव्याने चौकशी नको. सध्या मूळ गाव परराज्यात असले की तिकडच्या ठाण्याचे उत्तर येईपर्यंत बाळ चालायला लागते!

आणि घराची पारख कोण करणार? मावशींना आपण कोठे पाठवितो, तेथे पगार वेळेवर मिळेल का, त्यांना जेवायला अर्धा तास मिळेल का, हे पाहणेही ब्युरोच्याच वाट्याला येते. बाईंच्या वहीत यासाठी एकही रकाना नव्हता. त्या घरात मावशींना सकाळी आठ ते रात्री आठ सुटी अशी नव्हतीच, हे मला नंतर कळले. त्याने बाळाला एकटे सोडणे समर्थनीय ठरत नाही; पण नोटिशीत तो भाग कोठेच नव्हता.

प्रकरण आयोगापर्यंत गेले नाही. पत्रकातील मजकूर चुकीचा होता हे बाईंनी लेखी मान्य केले, शुल्क परत केले, दवाखान्याचा खर्च दिला. त्यांच्या जवळजवळ वर्षाच्या कमाईएवढी ती रक्कम होती. आता वहीत 'कोणाशी बोलले, कधी' असा नवा रकाना आहे. चाळीसपैकी अकरा जणींच्या नावापुढे तो कोरा आहे, कारण त्यांची आधीची घरे फोन उचलत नाहीत किंवा बदली होऊन दुसऱ्या गावी गेली आहेत. या अकरा जणींना बाई सध्या कोठेच पाठवीत नाहीत, आणि त्यांना काम नाही.