झोप पुरवणीत का?

मार्चमध्ये जागतिक निद्रादिन येतो आणि पुरवण्या तेच सांगू लागतात: मोबाइल दूर ठेवा, रात्री कॉफी नको, ठरल्या वेळी पाठ टेका. सल्ला चुकीचा नाही. त्यामागचं गृहीतक मात्र मला साफ अमान्य आहे. माणसाला शिस्त नाही म्हणून त्याची झोप पुरत नाही, असं ते गृहीतक.

बदलापूरहून दक्षिण मुंबईत बारा तासांच्या ड्युटीवर येणारा सुरक्षारक्षक घ्या. घर ते गेट, जाऊन-येऊन चार तास. उरलेल्या आठांत अंघोळ, जेवण, पाणी भरणं, मुलांशी दोन शब्द. झोपेला सहा तास मिळाले तरी पुष्कळ. त्याने मोबाइल अजिबात हातात घेतला नाही, तरी हा हिशेब फारसा बदलत नाही.

रातपाळीची सवय होते, असंही म्हणतात. शरीर इतकं सहज ऐकत नाही. पेशींमध्ये घड्याळ असतं आणि ते उजेड-अंधारावर लागतं. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. रातपाळी 'बहुधा कर्ककारक' असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये सांगितलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच कायम ठेवलं.

इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचे आठवड्याला ७० तास कामाचे बोल २०२३ मध्ये गाजले, २०२५ मध्ये 'एल अँड टी'च्या सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे. राष्ट्रउभारणी, निष्ठा, घरसंसार यांवर रकानेच्या रकाने भरले. पण ९० तास म्हणजे सातही दिवस जवळपास तेरा तास. मग माणूस झोपणार कधी, हा साधा प्रश्न मथळ्यात यायला हवा होता. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त, हा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा निष्कर्ष २०२१ पासून उपलब्ध आहे. तो त्याच बातमीत, त्याच टायपात छापायला हवा.

विश्रांतीकडे कामगाराचा प्रश्न म्हणून पाहणं मराठी पत्रकारितेला परकं नाही. 'दीनबंधू' चालवणाऱ्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र करून रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सूर्यास्ताला काम बंद, अशा मागण्या मांडल्या. विश्रांती त्यांच्या लेखी कामगाराचा हक्क होती. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली.

संपादकांकडे माझं मागणं एवढंच: पुढच्या निद्रादिनी झोपेवर लिहायला कामगार-वार्ताहराला पाठवा. त्याने आधी हजेरीपट पाहावा, मग डॉक्टरांना विचारावं.