एकाच पंगतीला



आगमनकाळाचा पहिला रविवार आला की आपणा गृहिणींच्या मनात दोन याद्या तयार होऊ लागतात. पहिली आत्म्याच्या तयारीची आणि दुसरी किराण्याची. पहिलीविषयी आपले धर्मगुरू वेदीवरून सांगतातच. मी आज दुसरीविषयी लिहिणार आहे. परंतु लेख संपेपर्यंत या दोन्ही याद्या एकमेकींत मिसळून गेल्या तर नवल वाटू देऊ नका.

दोन वर्षांमागची गोष्ट. आमची धाकटी मुलगी पुण्यास नोकरी करते. नाताळाला ती घरी आली, तेव्हा स्वयंपाकघरात कुलकुलांच्या पिठात अंडी फोडून झाली होती, केकसाठी लोणी फेसून ठेवले होते, आणि दुपारच्या जेवणासाठी मटण शिजत होते. ती दारातच हळू आवाजात म्हणाली, "आई, मी हल्ली मांस, मासे, अंडी, दूध, तूप काहीच घेत नाही. माझ्यासाठी वेगळे काही करू नकोस. वरणभात पुरे."

मी काय करावयास हवे होते ते आज मला कळते. त्या दिवशी मात्र मी फटकन बोलून गेले, "सणाच्या दिवशी आईच्या हातचे नको म्हणणारी मुलगी आमच्या घराण्यात आजवर झाली नव्हती." ती काही बोलली नाही. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर सारी मंडळी केक खात असता तिने तूप न घातलेला वरणभात व लिंबाची फोड घेतली आणि निमूटपणे जेवली. गव्हाणीपुढे दिवा लावून आम्ही प्रेमाची गाणी म्हटली खरी. परंतु त्या पंगतीत माझीच मुलगी परक्यासारखी बसली होती, आणि तिला परके मीच केले होते.

पुढल्या वर्षी नोव्हेंबरात तिचा निरोप आला : यंदा रजा मिळणे कठीण दिसते. आईला रजेचे खरे कारण समजायला पत्र उलगडून वाचावे लागत नाही. मी तो निरोप सासूबाईंना सांगितला. त्यांचे वय ब्याऐंशी. लग्न होऊन त्या गोव्याहून घाट चढून बेळगावात आल्या. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, तिने नवीन ते काय मागितले? आमच्या लहानपणी नाताळच्या आदल्या दिवशी घरात मांस शिजत नसे. आणि कुलकुलांत लोणी घालायला लोणी होते कोणाकडे? परसातला नारळ होता, तेच आमचे दूध."

सासूबाईंचे म्हणणे खरेच होते. आपल्या लॅटिन विधीच्या जुन्या नियमाप्रमाणे नाताळचा आदला दिवस उपवासाचा व मांसवर्ज्य असे. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाच्या नियमांत बदल केले, तेव्हापासून ती रीत मागे पडली. केरळातील संत थॉमसच्या परंपरेतील ख्रिस्ती कुटुंबांत १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवसांचे व्रत पाळण्याची चाल आहे. जुन्या पद्धतीने व्रत पाळणारे त्या दिवसांत मांस, मासे, अंडी व दूधही वर्ज्य करतात. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळ ७ जानेवारीला येतो, आणि त्याआधी चाळिसांहून अधिक दिवस भाविक प्राणिज अन्न घेत नाहीत. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात तर आगमनकाळी लोणीदेखील निषिद्ध होते. नाताळची प्रसिद्ध पाव-मिठाई तेलात करावी लागे, ती बेचव होई, म्हणून तेथील राजघराण्याने रोमकडे अर्ज केले, आणि अखेर १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी लोण्याची परवानगी दिली. तात्पर्य, ज्याला आजची मुले 'व्हीगन' म्हणतात तो शब्द मात्र नवा. इंग्लंडात १९४४ च्या नोव्हेंबरात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो प्रचारात आणला. ताटातील जिन्नस आपल्या आजीच्या ओळखीचे आहेत. आजीने ते व्रत म्हणून किंवा गरिबीने खाल्ले. माझी मुलगी मुक्या प्राण्यांच्या कळवळ्याने खाते. कारणे निराळी असली तरी चूल एकच.

मग मी पिशवी घेऊन खडेबाजारात निघाले. दुधाच्या पदार्थांशिवाय बेळगावात सण कसा व्हावा, हा प्रश्न मनात होताच. कुंद्याचे गाव आहे आपले! परंतु बाजार डोळे उघडून पाहिला, तर डिसेंबरात या मुलखात काय नाही? ओला वाटाणा, रताळी, नवा गूळ, शेंगदाणे, तीळ, नाचणी, खानापूर-चंदगडकडचे काजू, आणि घाटाखालून येणारे नारळ. रविवार पेठेत उरलेला किराणा घेतला. पिशवी भरली आणि तिच्यात दूध, लोणी, अंडे काही नव्हते, हे मला घरी आल्यावर ध्यानात आले.

आता कृती सांगते.

कुलकुले : मैदा अर्धा किलो, बारीक रवा एक वाटी, पिठीसाखर पाऊण वाटी, चिमूटभर मीठ. चार मोठे चमचे तेल कडकडीत तापवून मोहन घालावे. नारळाचे दाट दूध सुमारे दीड वाटी घ्यावे, पण एकदम ओतू नये. लागेल तसे घालून पीठ घट्ट मळावे आणि ओल्या फडक्याखाली तासभर ठेवावे. सुपारीएवढ्या गोळ्या करून काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या स्वच्छ फणीवर दाबून गुंडाळाव्यात व मध्यम आचेवर बदामी रंगावर तळाव्यात. माझा पहिला घाणा तेलात फुटून गेला, कारण हौसेने साखर जास्त घातली होती व पीठ सैल झाले होते. ती चूक आपण करू नये. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावीत.

तिझान : एक वाटी नाचणीचे पीठ दोन वाट्या पाण्यात गुठळी न राहता कालवावे. त्यात दोन वाट्या पातळ नारळदूध घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे सतत ढवळावे. पाऊण वाटी गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून घालावा. शेवटी एक वाटी दाट दूध, वेलची व मिठाचा कण. दाट दूध घातल्यावर फार उकळू नये. थंडीच्या रात्री मिस्सेहून परतल्यावर याची गरम वाटी हातात मिळाली, की केकची आठवण होत नाही.

जेवणासाठी चवळीचे तोंडाक करावे. चवळी रात्री भिजत घालून शिजवावी. कांदा, खोबरे, धणे, मिरे, लवंग व सुक्या मिरच्या तेलावर खरपूस भाजून वाटाव्यात. वाटण व चिंचेचा कोळ चवळीत घालून रस दाट होईपर्यंत उकळावे. सोबत वाटाणे, लवंग, दालचिनी घालून नारळदुधात शिजवलेला भात. मटण खाणारे आमचे पुरुषही या रसाला भाकरी लावून बसले.

एक गोष्ट मात्र जबाबदारीने लिहिते. नाचणी, तीळ, कडधान्ये यांतून बरेच पोषण मिळते. परंतु बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नातून भरवशाने मिळत नाही. घरातील कोणी कायमचा असा आहार घेत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची गोळी घ्यावी. वाढती मुले व गर्भवती भगिनी यांच्याबाबत तर हयगय नकोच.

आता त्या नाताळचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग. दरवर्षीप्रमाणे आम्ही शेजाऱ्यांकडे फराळाची ताटे पाठविली. आमच्या शेजारी एक जैन कुटुंब राहते. तीस वर्षे आमचे ताट त्या घरी आदराने घेतले जाते, आणि येळ्ळ अमावास्येला त्यांच्याकडून शेंगापोळ्या येतात. त्या वर्षी ताट नेताना मुलगी सहज म्हणाली, "काकू, यात अंडे नाही, दूध-तूपसुद्धा नाही." काकूंनी एक कुलकुल उचलून तोंडात घातले. मग दुसरे घेतले. आणि संकोचाने म्हणाल्या, "तुमच्या घरचे आज पहिल्यांदाच चाखते आहे हो." तीस वर्षे आमचा फराळ त्या प्रेमाने स्वीकारीत आणि कोणाला तरी देऊन टाकीत. आम्हांला वाईट वाटू नये म्हणून कधी बोलल्या नाहीत. आणि आम्हीही कधी विचारले नाही.

होय, मुलगी आली होती. मी फोनवर एवढेच म्हटले होते, "बाळ, आजीने नारळ खवायला घेतला आहे, फणी धरायला माणूस हवे." रजा मिळाली. आजी-नात दोघी पाटावर बसून कुलकुले वळीत होत्या आणि मी तळत होते. मटणही घरात झाले, ज्यांना हवे त्यांनी खाल्ले. परंतु मिस्सेनंतर सर्वांच्या हाती तिझानच्या वाट्या होत्या, आणि कोणाचे ताट वेगळे नव्हते.

भगिनींनो, यंदा आपल्या घरी एखादी सून, जावई, नातू किंवा पाहुणा "मला हे चालत नाही" असे म्हणेल, तेव्हा तो आपल्या हाताला नाही म्हणतो असे समजू नका. ज्या मातेला बेथलेहेमात उताऱ्याची जागा मिळाली नाही, तिचा सण आपण साजरा करतो. आपल्या पंगतीत एक पाट सरकवून घेणे तेवढे आपल्या हाती आहे. आणि ताट शेजारी पाठवण्याआधी एकदा विचारावे, "तुम्हांला काय चालते?" तीस वर्षे मी तो प्रश्न विचारला नाही, आपण यंदाच विचारा.

नाताळच्या मंगल शुभेच्छा!