होडीची चाल कागदावर ठरत नाही

चंद्रपूर-गडचिरोलीत समुद्र नाही. तरीही समुद्रातल्या शर्यतीच्या होडीचा एक तक्ता इथल्या माणसाने समजून घ्यावा, असे मला वाटते.

शिडाच्या होडीच्या या तक्त्याला 'पोलर' म्हणतात. वाऱ्याचा वेग इतका आणि वाऱ्याशी होडीचा कोन इतका असेल, तर होडी किती वेगाने धावेल, एवढेच त्यात असते. वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीच शिडाची होडी चालत नाही. साधारण चाळीस अंश बाजूला वळले की ती धावू लागते. 'ओपनसीपीएन'सारखे संगणकातले सॉफ्टवेअर हा तक्ता आणि हवामानाचा अंदाज जुळवून वाट सुचवते. तक्ता खोटा असेल, तर वाटही खोटी निघते.

हा तक्ता दोन रीतींनी होतो. एक, आराखडा काढणाऱ्याच्या गणितातून. दुसरी, होडी प्रत्यक्ष चालवून, नोंदी ठेवून. गणितातली होडी नेहमी नवी असते. खऱ्या होडीची शिडे जुनी होतात, तळाला शेवाळ चिकटते, पोटात पाण्याचा आणि अन्नाचा भार असतो. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे त्याच आराखड्यावर 'तारिणी' बांधली गेली. आराखडा एक असला, तरी प्रत्येक होडीची चाल तिच्याच नोंदींतून कळते.

नोंदी घेतानाही फसगत होते. जीपीएस दाखवतो तो जमिनीच्या हिशेबाने वेग; त्यात प्रवाहाचा वेग मिसळलेला असतो. पुराच्या वैनगंगेत रिकामा ओंडका सोडला, तरी जीपीएस त्याला वेगवान ठरवील. म्हणून पाण्याच्या हिशेबाने वेग मोजायचा, वळतानाच्या नोंदी गाळायच्या आणि एखाद्या झुळकेत गाठलेला उच्चांक तक्त्यात घालायचा नाही. तक्त्यात फुशारकी शिरली, तर वादळ येण्याआधी बंदर गाठू असा हिशेब होतो आणि वादळ वाटेतच गाठते.

पंधराव्या शतकातला अरब नाखवा अहमद इब्न माजिद याने हिंदी महासागरातल्या प्रवासावर 'किताब अल-फवाइद' लिहिली. समुद्राचा पुरेसा अनुभव नसताना लिहिणाऱ्या आधीच्या लेखकांवर त्याने टीका केली. मोसम आणि खलाशी हे शब्द अरबीतून आपल्या मराठीत आले. त्यांच्यासोबत ही अनुभव तपासण्याची सवयही यायला हवी होती.

आता आपल्या नदीकडे या. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटून सहा महिला बुडाल्या. मिरची तोडायच्या मजुरीसाठी त्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या. शर्यतीत काही मिनिटे वाचावीत म्हणून माणसे महिनोन्‌महिने होडी मोजतात. मजुरांना पैलतीरी नेणाऱ्या डोंग्यात किती माणसे बसावीत, हे मात्र कुणी मोजलेले नसते.

पूल बांधा, हे उत्तर बरोबरच आहे. पण पूल होईपर्यंत मजुरी थांबत नाही. 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात बिनइंजिनाच्या होड्यांसाठी वेगळे प्रकरण आहे. ग्रामपंचायतीने नावाड्याला सोबत घ्यावे, शांत पाण्यात काठालगत एकेक माणूस चढवून पाहावे आणि काठ पाण्यापासून किती वर राहतो ते मोजून बाहेरच्या बाजूला पांढरी रेघ मारावी. रेघ बुडाली की डोंगा निघणार नाही. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले असतील, तर रिकामाही निघणार नाही. माणसागणिक जीवरक्षक जॅकेट सरकारने द्यावे; त्याचा भार नावाड्याच्या गरिबीवर टाकू नये.

यासाठी संगणक लागत नाही. आपला डोंगा आपण मोजायचा आणि आलेला आकडा मजुरीची घाई असली तरी पाळायचा, एवढेच लागते.