दिवटीला तेल कोणी घालावे?

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसले, परडीतल्या मातीत धान्य पेरले गेले आणि अखंड नंदादीप तेवू लागला, की महाराष्ट्रातल्या कित्येक देवघरांत एकच चौकशी सुरू होते : यंदा गोंधळी कोण येणार? तुळजापूरची भवानी किंवा माहूरची रेणुका ज्यांची कुलस्वामिनी, त्यांच्या घरचे मंगलकार्य गोंधळावाचून पुरे होत नाही. चौरंगावर नवे वस्त्र, त्यावर तांदळाचा चौक, मध्ये कलश, भोवती ज्वारीची धाटे उभी केलेली. दिवटी पाजळली, संबळावर टिपरी पडली, तुणतुणे लागले, की नाईक एकेका क्षेत्राचे नाव घेऊन देवदेवतांना या अंगणात बोलावितात. मग आख्यान रंगते आणि पहाटे आरती होते. लहानपणी आजीच्या मांडीवर पेंगत आम्ही जे ऐकले, त्याला ‘लोककला’ म्हणतात हे आम्हांस फार उशिरा, तेही एका शासकीय निमंत्रणपत्रिकेवरून कळले.

त्या निमंत्रणानुसार आम्ही महोत्सवास गेलो होतो. मंडप भव्य होता, दिव्यांचा लखलखाट होता. गोंधळी मंडळींच्या वाट्यास पंधरा मिनिटे आली. देवतांना बोलावून होते न होते तोच निवेदकाने पुढच्या पथकाचे नाव पुकारले. ज्यांना बोलाविले त्या देवता आल्या असतील तर त्यांनी बसावे कोठे, हा प्रश्न आमच्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारला. तो विनोद नव्हता.

शासनाने या कलांस हात देऊ नये असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. गोंधळी हा पूर्वी गावगाड्यातला अलुतेदार. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला असे. ते दान नव्हे, हक्क होता. ती व्यवस्था मोडली आणि तिच्यातील उच्चनीचता पाहता मोडली हे योग्यच झाले. परंतु धान्याचा वाटा गेला, तेव्हा त्याच्या जागी काही तरी येणे भागच होते. पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. संस्थान गेले आणि रामायण-महाभारताच्या चित्रांच्या पोथ्या घराघरांत बासनात पडून राहिल्या. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचेच कलादालन केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान उचितच, पण गोठा रिकामा करण्याची वेळ त्यांच्यावर आली, हेही विसरता येत नाही.

शासनाने मनावर घेतले तर काय घडू शकते, याचे उत्तम उदाहरण डहाणूकडे आहे. सत्तरीच्या दशकारंभी हस्तकला मंडळाच्या वतीने भास्कर कुलकर्णी हे चित्रकार वारली पाड्यांवर गेले. भिंतीवरची चित्रे कागदावर उतरविण्यास त्यांनी लोकांना प्रवृत्त केले. त्यातून गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची प्रतिभा जगापुढे आली. १९७६ साली त्यांस राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. २०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकनही मिळाले. कित्येक घरांत या चित्रांनी चूल पेटविली. याबद्दल शासनाचे आभारच मानावयास हवेत.

मात्र मूळ चित्र कोणाचे होते, हे एकदा पाहावे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहावयाचा तो सवाशिणींनी. चौकात मधोमध पालघट देवी, सृष्टीला पालवी देणारी. धवलेरी गाऊन विधी चालविते, देवीला पाचारण करते. तो चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. म्हणजे आमच्या गोंधळाचा तांदळाचा चौक आणि तेथील पिठाचा चौक यांचे नाते जवळचे दिसते. दोन्हीकडे देवीला बसावयास जागा करून द्यावयाची असते. कागद आला, बाजार आला, तेव्हा कुंचला बहुतांशी पुरुषांच्या हाती गेला आणि भेटवस्तूंच्या दुकानातल्या कापडी पिशवीवर नाचणारी माणसे उरली. पालघट मागेच राहिली. नाचणाऱ्या माणसांविषयी आमची तक्रार नाही. परंतु धवलेरीच्या कंठातले गाणे कोणत्या योजनेत बसते? ते विकता येत नाही, चौकटीत मढविता येत नाही, म्हणून ते कोणाच्या नजरेतही भरत नाही.

२०२४ साली राज्य शासनाने ज्येष्ठ कलावंतांचे मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये केले. हे चांगलेच. पण मानधन म्हातारपणी मिळते, आणि विद्या द्यावयाची ती तरुणपणी. नाइकाच्या मुलाने रात्ररात्र बापाच्या मागे झांज धरून बसावे, तेव्हा कोठे दहा-वीस आख्याने मुखोद्गत होतात. या शिकण्याच्या वर्षांत त्याच्या घरात धान्य कोठून यावे, हा खरा प्रश्न आहे. नागपूर आणि उदयपूर येथील सांस्कृतिक केंद्रांच्या कक्षेत महाराष्ट्र येतो. गुरु-शिष्य परंपरेची योजनाही आहे. तिच्यात उमेदवार शिष्याला मोठी वृत्ती द्यावी, आणि विधीचे ठिकाण सोडून त्याला राजधानीच्या रंगमंचावर नेण्याची घाई करू नये. उत्सवाचा खर्च करावयाचाच असेल तर तो जत्रेत, देवळाच्या ओवरीत करावा. पूर्ण रात्रीचे मानधन द्यावे. अधिकारी महाशयांनीही घोंगडीवर बसून पहाटेच्या आरतीपर्यंत थांबावे. संबळ मढविणाऱ्याचेही नाव यादीत घालावे, तो नसेल तर नाईक काय वाजविणार?

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासूनचा आहे आणि तो आम्हांस मान्य आहे. गोंधळाला ध्वनिक्षेपक कधी लागलाच नव्हता. अंगण लागत होते.

आणि येथे आपण सर्व गृहस्थाश्रमी मंडळींनीही थोडे स्वतःकडे पाहावे. कार्यालय अमुक वाजता रिकामे करावयाचे आहे, म्हणून अर्ध्या तासाचा गोंधळ आपणच ठरवितो. बिदागी देताना घासाघीस आपणच करतो, आणि त्याच कार्यात फुलांच्या कमानीस कितीही रक्कम मोजतो. सरकारी मंडपातील पंधरा मिनिटांना हसण्याचा अधिकार मग आपल्याला कितपत उरतो?

यंदा आमच्याकडे अष्टमीस गोंधळ आहे. नाइकांनी सवयीने विचारले, ‘‘आख्यान लावायचे, की आरतीवरच आटोपते घ्यायचे?’’ पूर्ण आख्यान लावा, म्हणून सांगितले आहे. त्यांचा धाकटा मुलगा झांजेवर बसणार आहे. त्याची बिदागी वेगळी ठरली. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही आमंत्रण गेले आहे.