असलं रडकं कशाला दाखवतोस?



गेल्या महिन्यात आमच्याकडे चार कुटुंबं जेवायला होती. मुलांनी बेसमेंटमध्ये 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' लावला. जपानी कार्टून आहे म्हणून आम्हा मोठ्यांपैकी कोणी लक्ष दिलं नाही. दीड तासाने सगळी डोळे पुसत वर आली. माझी तेरा वर्षांची लेक जेवलीच नाही. एक मित्र माझ्यावर उखडला, "अरे, असलं रडकं कशाला दाखवतोस मुलांना? डिप्रेशन येईल त्यांना!"

पाहुणा होता म्हणून तिथे गप्प बसलो. उत्तर इथे देतो.

पाहुणे गेल्यावर रात्री मी तो चित्रपट एकट्याने पाहिला आणि ढसाढसा रडलो. १९८८ सालचा, इसाओ ताकाहाताचा चित्रपट. (कार्टून म्हणजे बालवाडी हा आपला समज कधी जाणार कोण जाणे. दूरदर्शनवर आपण दर रविवारी पाहायचो तो मोगलीसुद्धा जपानीच होता!) सुरुवातीलाच कळतं की चौदा वर्षांचा सेइता कोबेच्या सान्नोमिया स्टेशनात भुकेने मरतो आहे. येणारेजाणारे नाक मुरडतात. अमेरिकन आता येतील आणि ही घाण इथे, ही त्यांची काळजी. झाडूवाला त्याच्याजवळचा लिमलेटच्या गोळ्यांचा डबा बाहेर गवतात भिरकावतो. डब्यात असतात चार वर्षांच्या बहिणीची, सेत्सुकोची, हाडं. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे ही वेळ कशी आली त्याची गोष्ट. बॉम्बच्या आगीत आई होरपळून मेली. आधार दिलेल्या नातेवाईक बाईने आईचे किमोनो विकून तांदूळ आणले आणि मग याच पोरांना पातळ पेज वाढली. ती बाई राक्षसीण नाही, हे जास्त झोंबतं. तुटीच्या दिवसांत आपणही ओगराळं तसंच फिरवलं असतं.

मूळ कथा अकियुकी नोसाकाची, १९६७ सालची. त्याची स्वतःची धाकटी बहीण युद्धकाळात कुपोषणाने गेली. सेइताइतका मी प्रेमळ नव्हतो, तिच्या वाटचं मी खाल्लं, हे त्याने पुढे कबूल केलं. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचा असताना, १९४५ च्या जूनमध्ये, ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचला होता. हे रडणं विकायला बनवलेलं नाही, मित्रा.

आणि रडण्याचं आपल्याला वावडं कधीपासून? साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर आपल्या तीन पिढ्या रडल्या. तेव्हा त्याला आपण संस्कार म्हणायचो. आईसाठी रडलं की संस्कार आणि शत्रूच्या देशातल्या पोरीसाठी रडलं की डिप्रेशन?

आता मुद्द्याचं बोलतो. हाच मित्र मे २०२५ मध्ये आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय लिहीत होता ते मला आठवतं. पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेली, त्याचा संताप मलाही होता आणि आहे. पण कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमी काही वाहिन्यांनी दिली, तेव्हा यानं लाडवांचे फोटो टाकले. त्याच दिवसांत सीमेपलीकडच्या तोफांनी पूंछमध्ये आपली मुलं मारली, त्यावर याचा एक शब्द नाही. न्यू जर्सीत सेंट्रल हीटिंगमध्ये बसून युद्धाचा स्कोअर मोजणाऱ्याला हा चित्रपट 'रडका' वाटणारच, कारण त्यात स्कोअर कुठेच नाही. विमानं कोणाची यावर ताकाहाता जवळजवळ बोलतच नाही.

त्याने तर हा निव्वळ युद्धविरोधी चित्रपट मानायलाही नकार दिला होता. इथे मी त्याच्याशी भांडतो. सेइता हा आरमारी अधिकाऱ्याचा पोर, वडिलांच्या जहाजाचा त्याला केवढा अभिमान! त्या आरमाराचं काय झालं हे त्याला कळतं ते बँकेत पैसे काढायला गेल्यावर, तेही जपान शरण गेल्यानंतर. तोवर बहिणीला वाचवायला उशीर झालेला असतो. युद्धाच्या नशेबद्दल याहून स्पष्ट काय बोलायचं?

मंडळाच्या हिवाळी कार्यक्रमात हा चित्रपट ठेवा असं मी सुचवलं. "फॅमिली ऑडियन्सला जड जाईल" असं उत्तर आलं. त्याच संध्याकाळी तिथे हिंदी युद्धपट लागला आणि दर स्फोटाला पाच वर्षांच्या पोरांसकट सगळं फॅमिली ऑडियन्स शिट्ट्या मारत होतं.

येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या बेसमेंटमध्ये तो पुन्हा लावतो आहे. बारा वर्षांवरच्या मुलांना आणा. खिचडी-कढी आहे, जेवण मात्र चित्रपटाच्या आधी. त्या मित्रालाही फोन केला आहे. बघू, म्हणाला.